दर मार्चमध्ये एसीत गॅस भरावा लागतोय? आधी दोष शोधा

दहा-पंधरा वर्षं जुन्या गाड्यांची एक ठरलेली तक्रार असते. मार्च लागला की एसी कोमट हवा फेकायला लागतो, मालक गॅस भरून घेतो, मे-जूनपर्यंत गाडी छान थंड चालते, आणि पुढच्या मार्चला पुन्हा तेच. एसीत वर्षाला गॅस टाकायचाच असतो, अशी पुष्कळांची समजूत झालेली आहे. ती चुकीची आहे, आणि तिचा फटका शेवटी गॅस दाबून फिरवणाऱ्या कॉम्प्रेसरला बसतो.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो गॅस फिरत राहतो. रबरी होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून अगदी थोडा झिरपतो, त्यामुळे सात-आठ वर्षांनी एकदा कूलिंग मंदावलं तर ते समजण्यासारखं आहे. दरवर्षी कमी पडत असेल तर कुठेतरी गळती आहे. गॅसबरोबर त्यात मिसळलेलं तेलही बाहेर जातं, आणि कॉम्प्रेसरला वंगण म्हणून तेवढं एकच तेल असतं. छोट्या गाडीत ते सगळं मिळून साधारण ८० ते १५० मिली. दरवर्षी नुसता गॅस भरत गेलं की चार-पाच वर्षांत कॉम्प्रेसर कोरडा पडून घासायला लागतो.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. ‘गॅस संपला’ म्हणून आलेल्या कित्येक गाड्यांत गॅस पुरेसा असतो आणि दोष फॅनमध्ये, कॉम्प्रेसरच्या क्लचमध्ये नाहीतर डॅशबोर्डमागच्या एखाद्या फ्लॅपमध्ये असतो. अशा गाडीत वरून आणखी गॅस कोंबला की प्रेशर वाढतं आणि कूलिंग उलट कमी होतं. म्हणून गॅसचा दाब मोजणारं गेज लावण्याआधी एवढंच बघायचं, की कूलिंग नेमकं कधी जातं.

कूलिंग जाण्याची वेळच दोष सांगते

हायवेला थंड आणि सिग्नलला गरम, तर कंडेन्सरला, म्हणजे रेडिएटरपुढे बसवलेल्या, गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाला, हवा मिळत नाही. सुरुवातीला थंड, मग अर्ध्या-पाऊण तासाने डॅशबोर्डच्या जाळीतून येणारी हवाच कमी झाली, तर डॅशबोर्डमागच्या, हवा गार करणाऱ्या कूलिंग कॉइलवर बर्फ जमतोय. हवेचा जोर तेवढाच आहे पण इंजिन चांगलं तापल्यावर ती गरम यायला लागते, तर कॉम्प्रेसरचा मॅग्नेटिक क्लच बघा. पहिल्या मिनिटापासून कोमटच असेल, तर गॅस, फ्लॅप किंवा कॉम्प्रेसर. ब्लोअर १, २, ३ वर मुका आणि ४ वरच चालत असेल तर ब्लोअरचा वेग कमी करणारा रेझिस्टर जळलाय, त्याचा गॅसशी काही संबंध नाही.

हे चार-पाच दिवस नीट पाहून गॅरेजमध्ये गेलात तर निम्मं काम झालेलं असतं. नुसतं ‘एसी थंड करत नाही’ म्हटलं की समोरचा माणूस गॅसच भरणार.

जमल्यास एक मापही घ्या. स्वयंपाकघरातला किंवा प्रयोगशाळेतला कांडीसारखा थर्मामीटर मधल्या जाळीत घाला, काचा बंद, आतली हवा फिरवण्याचं बटण दाबलेलं, ब्लोअर २ वर, इंजिन १५०० आरपीएमला, आणि दहा मिनिटं थांबा. बाहेर ३५ अंश असताना जुन्या हॅचबॅकमध्ये ८ ते १२ अंश मिळाले तर यंत्रणा ठीक आहे. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत हा आकडा दोन-तीन अंशांनी वर जातो, कारण कॉइलची बरीच ताकद हवेतल्या बाष्पाचं पाणी करण्यात खर्च होते. तो दोष समजू नका.

सिग्नलला गरम: फॅन आणि कंडेन्सर

एसी लावला की कंडेन्सरचा फॅन लगेच, किंवा थोड्या वेळात प्रेशर वाढल्यावर, सुरू झाला पाहिजे. बॉनेट उघडून बघा. फॅन फिरतोय एवढ्यावर समाधान मानू नका. जुन्या मोटरचे कार्बन ब्रश झिजले की तो फिरतो, पण हवा ओढत नाही. वर्तमानपत्राचं एक पान पुढच्या ग्रिलवर धरा. फॅन निरोगी असेल तर पान ग्रिलला चिकटून राहतं. घसरून खाली पडलं तर मोटर कमजोर आहे, नाहीतर तिच्यापर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचत नाही. मोटरच्या कनेक्टरवर मीटर लावा. बॅटरीवर १३.८ आणि फॅनवर ११ दिसत असेल तर रिले, कनेक्टर किंवा अर्थिंग गंजलंय. नवी मोटर बसवूनही फरक पडणार नाही. कनेक्टर वितळून तपकिरी झालेला असेल तर तोच दोषी.

बाजारातला फॅन बसवून घेतला असेल तर तो कोणत्या दिशेला फिरतो तेही तपासा. वायरी उलट लागल्या की फॅन हवा पुढे फेकतो. गाडी उभी असताना थोडंफार चालून जातं, पण धावताना समोरून येणारा वारा आणि फॅनचा वारा एकमेकांना अडवतात. वर्तमानपत्राच्या पानाने हेही लगेच कळतं, ते पान उडून जातं.

फॅन ठीक निघाला तर कंडेन्सर आणि रेडिएटरमधली फट टॉर्चच्या उजेडात बघा. समोरून कंडेन्सर स्वच्छ दिसतो आणि मागच्या फटीत चिखल, पाचोळा, किड्यांचा थर बसलेला असतो. साध्या बागेच्या पाइपने, इंजिनाच्या बाजूने पुढच्या बाजूला पाणी मारा, इंजिन गार असताना. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनने नाही. तिने ॲल्युमिनियमच्या पात्या आडव्या होतात आणि हवा कायमची अडते. किनारपट्टीच्या गाड्यांत खारी हवा या पात्या खाऊन टाकते. बोट लावलं की पांढरी भुकटी हाताला येत असेल तर धुऊन उपयोग नाही, कंडेन्सर बदलायला झालाय.

खात्री करण्याची सोपी चाचणी अशी: गाडी उभी, एसी चालू, जाळीतून कोमट हवा येतेय, अशा वेळी कंडेन्सरवर समोरून हलक्या धारेने पाणी शिंपडा. मिनिटभरात हवा थंड झाली तर गॅसला हात लावायची गरज नाही. दोष कंडेन्सरच्या हवेत आहे.

तापल्यावर कूलिंग जातं: क्लचची फट

या दोषाचं निदान सर्वांत जास्त चुकतं, आणि नवा कॉम्प्रेसर विनाकारण माथी मारला जातो. कॉम्प्रेसरची पुली पट्ट्यावर सतत फिरत असते. तिच्यापुढची चकती मात्र क्लचमधल्या तारेच्या कॉइलला वीज मिळाली, चुंबक तयार झालं आणि चकती पुलीला चिकटली, तरच फिरते. ‘टक्’ असा आवाज येतो तो हाच. चकती आणि पुली यांच्यात ०.३ ते ०.६ मिमी फट असावी. वर्षानुवर्षं घासून ती वाढत जाते. १ मिमीच्या आसपास गेली की गार इंजिनावर क्लच लागतो, पण तापल्यावर कॉइलचा रेझिस्टन्स वाढतो, चुंबक कमजोर पडतं आणि चकती ओढली जात नाही. गाडी तासभर सावलीत उभी केली की एसी आपोआप ‘बरा’ होतो.

कूलिंग गेलं त्या क्षणी बॉनेट उघडून बघा. पट्ट्याच्या जवळ हात, ओढणी, सैल बाही नेऊ नका. पुढची चकती स्थिर असेल तर क्लचच्या वायरीवर व्होल्टेज मोजा. १२ च्या वर मिळतंय आणि चकती स्थिर आहे, म्हणजे फट वाढली आहे किंवा कॉइल खराब आहे. इंजिन बंद करून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) फट मोजा. मधला बोल्ट काढून चकती बाहेर घेतली की शाफ्टवर एक-दोन पातळ शिम वॉशर दिसतात. त्यातला एक काढला की फट कमी होते. कॉइल गार असताना साधारण ३ ते ४.५ ओहम दाखवते. त्याहून फार वेगळं आलं तर कॉइल बदला. पुष्कळ कॉम्प्रेसरची नुसती कॉइल आणि चकती सुटी मिळते, पूर्ण कॉम्प्रेसर घ्यावा लागत नाही. आणि शिम काढताना फट ०.३ च्या खाली नेऊ नका, मग चकती एसी बंद असतानाही घासते आणि पुलीचं बेअरिंग जळतं.

वायरीवर व्होल्टेजच नसेल तर मागे मागे जात राहा: फ्यूज, रिले, प्रेशर स्विच, कूलिंग कॉइलचा सेन्सर. बऱ्याच गाड्यांत एसीचा आणि हॉर्नचा रिले एकाच जातीचा असतो. दोन्ही अदलाबदल करून बघायला मिनिट लागतं. प्रेशर स्विच साधारण २८ पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं एकक) खाली आणि ४५० पीएसआयच्या वर कॉम्प्रेसरची वीज तोडतो. तो तोडतोय म्हणून स्विचच्या दोन वायरी जोडून गाडी चालवण्याचा प्रकार सर्रास होतो. तसं करू नका. गॅस नसताना कॉम्प्रेसर फिरला की तेलही फिरत नाही, आणि तो थोड्याच वेळात जाम होतो. काही गाड्यांत इंजिन फार तापलं की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्वतःच एसी बंद करतो. तिथे आधी कूलंट आणि रेडिएटरची पाहणी करा.

हवा हळूहळू कमी होते: कॉइलवर बर्फ

एसी बंद करून ब्लोअर तसाच चालू ठेवला, दहा मिनिटांत हवेचा जोर परत आला आणि गाडीखाली नेहमीपेक्षा जास्त पाणी सांडलं, तर निदान झालं. कॉइल गोठत होती.

कारणं तीन. पहिलं, केबिन फिल्टर तुंबलाय. तो बहुधा ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो, हाताने निघतो. जुन्या स्वस्त मॉडेलांत फिल्टर दिलेलाच नसतो, नुसतं प्लॅस्टिकचं कोरं झाकण असतं. अशा गाडीत दहा वर्षांची धूळ, केस आणि झाडांचा पाला थेट कॉइलवर फेल्टसारखा बसतो. तो ब्लोअर काढून मऊ ब्रशने साफ करावा लागतो. वरून फवारलेल्या सुगंधी स्प्रेने तो थर ओला होऊन आणखी चिकटतो. दुसरं, कॉइलच्या पात्यांत खोचलेला तापमानाचा सेन्सर जागेवरून सुटलाय किंवा बिघडलाय. तो बर्फाच्या पाण्यात बुडवला की कॉम्प्रेसर बंद पडला पाहिजे. पडत नसेल तर सेन्सर बदला, फार महाग नसतो. तिसरं, गॅस थोडासा कमी आहे. गाडीच्या एसीतल्या नेहमीच्या आर-१३४ए गॅसचं प्रेशर २८ पीएसआय असतं तेव्हा त्याचं तापमान शून्य अंश असतं. गॅस कमी पडला की लो साइड, म्हणजे कॉइलकडची कमी दाबाची बाजू, याच्या खाली घसरते आणि कॉइलचा एक भाग गोठतो.

याच्याशी मिळताजुळता पण वेगळा एक दोष आहे. हवेचा जोर कमी होत नाही, पण वीस मिनिटांनी थंडावा जातो, थोड्या वेळाने आपोआप परत येतो, पुन्हा जातो. इथे बर्फ कॉइलवर नसून, कॉइलमध्ये गॅस सोडणाऱ्या एक्स्पान्शन वॉल्व्हच्या बारीक छिद्रात जमतोय, कारण यंत्रणेत ओलावा शिरलाय. गेज लावलं तर लो साइडचा काटा शून्याच्या खाली जाताना दिसतो. उपाय म्हणजे गॅस काढून ओलावा शोषणारा ड्रायर बदलायचा आणि व्यवस्थित व्हॅक्यूम मारायचं, म्हणजे पंपाने आतली हवा खेचून काढायची.

कायम कोमट, आणि गॅस तर भरलेला: फ्लॅप बघा

डॅशबोर्डच्या आत गरम आणि थंड हवा मिसळणारा एक फ्लॅप असतो. आपल्याकडे हीटर कोणी लावत नाही, त्यामुळे नॉब वर्षानुवर्षं निळ्या टोकाला पडून राहते आणि केबल जाम होते किंवा क्लिपमधून सुटते. फ्लॅप अर्धवट उघडा राहतो आणि कॉइलने गार केलेली हवा हीटरवरून जाऊन पुन्हा तापते. जाळीतून काळ्या स्पंजचे कण उडून येत असतील तर फ्लॅपवरचा फोम कुजलाय, हे ओळखा.

तपासायला इंजिनाच्या मागच्या भिंतीत शिरणाऱ्या हीटरच्या दोन रबरी नळ्या शोधा. ज्या गाडीत त्यांच्यावर पाण्याचा वॉल्व्ह आहे, तिथे नॉब पूर्ण थंडवर असताना वॉल्व्हच्या पुढची नळी गार राहिली पाहिजे. ती गरम असेल तर वॉल्व्ह गळतोय. ज्या गाडीत असा वॉल्व्ह नाही, तिथे दोन्ही नळ्या गरमच असतात. तिथे एक नळी रुंद तोंडाच्या होज क्लॅम्पने काही मिनिटांपुरती हलकी दाबून धरा आणि थर्मामीटर बघा. जाळीतलं तापमान चार-पाच अंश खाली आलं तर हवा फ्लॅपमधून निसटतेय. केबल पुन्हा जुळवली तर पुष्कळदा एवढ्यावर भागतं. फोम गेला असेल तर डॅशबोर्ड उतरवण्याला पर्याय नाही.

ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलच्या जुन्या सेडानमध्ये केबलऐवजी छोट्या मोटरी असतात. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डमागून काही सेकंद ‘टिक-टिक-टिक’ असा आवाज येत असेल तर एखाद्या मोटरच्या प्लॅस्टिक गिअरचा दात तुटलाय. सेन्सर तर फारच दुर्लक्षित राहतात. स्टिअरिंगजवळ किंवा मधल्या पॅनेलवर छोटी जाळी असते, तिच्यामागे केबिनचं तापमान मोजणारा सेन्सर असतो आणि तिच्यातून सतत थोडी हवा ओढली जाते. टिश्यू पेपरचा तुकडा त्या जाळीवर धरून बघा; चिकटला नाही तर आतली नळी सुटली आहे किंवा धुळीने बंद झाली आहे. मग यंत्रणेला केबिन आहे त्यापेक्षा वेगळी वाटते आणि सेट केलेलं तापमान कधीच जुळत नाही. डॅशबोर्डवर काचेजवळ काळा गोल बटणासारखा दिसतो तो उन्हाचा सेन्सर. गणपतीची मूर्ती, रबरी मॅट किंवा फास्टॅगचं जुनं पाकीट त्यावर आलं की यंत्रणेला ऊन दिसत नाही आणि भर दुपारी ब्लोअर मंद चालतो. बंपरचं काम झाल्यापासून बाहेरचं तापमान उणे तीस वगैरे दिसत असेल तर बंपरमागच्या सेन्सरची वायर जोडायची राहिली आहे. बाहेर कडाक्याची थंडी आहे असं समजून कंट्रोलर कॉम्प्रेसर लावतच नाही.

आता गॅस आणि गळती

वरचं सगळं ठीक निघालं तर गेज लावा. सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, इंजिन सुरू न करता लो साइड आणि हाय साइड (कंडेन्सरकडची जास्त दाबाची बाजू) असे दोन्ही काटे बघा. आर-१३४ए असेल तर हवेचं तापमान २५ अंश असताना सुमारे ८२, ३० ला ९७ आणि ३५ ला ११४ पीएसआय दिसलं पाहिजे. यावरून गॅस पुरेसा आहे हे सिद्ध होत नाही, कारण आत द्रवरूप गॅसचा थोडासा अंश जरी शिल्लक असेल तरी प्रेशर तेवढंच राहतं. पण काटा ३०-४० वर असेल तर यंत्रणा जवळपास रिकामी आहे, आणि या आकड्यांपेक्षा बराच वर असेल तर आत हवा शिरली आहे किंवा भलताच गॅस भरलाय.

मग इंजिन सुरू करून १५०० आरपीएमला. बाहेर ३५ अंशाच्या आसपास असताना लो साइड ३० ते ४५ आणि हाय साइड २०० ते २५० हे निरोगी आकडे. नागपूर-चंद्रपूरच्या ४५ अंशांत हाय साइड २८०-२९० पर्यंत गेली तरी घाबरू नका. दोन्ही कमी, तर गॅस कमी. दोन्ही जास्त, तर कंडेन्सरला हवा नाही, गॅस जास्त झालाय किंवा आत हवा आहे. लो जास्त आणि हाय कमी, म्हणजे काटे एकमेकांकडे सरकलेत, तर कॉम्प्रेसरच दाब देत नाही.

गळती डोळ्यांनी शोधता येते, कारण तेल बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते. नळ्यांचे जोड, कॉम्प्रेसरचं नाक, कंडेन्सरचे कोपरे, होज जिथे धातूला प्रेस केलेला असतो ते ठिकाण, सगळीकडे काळा ओलसर डाग बघा. साबणाचं दाट पाणी लावून बुडबुडे बघता येतात. सर्व्हिस पोर्टची, म्हणजे गेज लावायच्या तोंडाची, प्लॅस्टिकची टोपी हरवलेली असेल तर आधी तिथेच साबण लावा; टायरसारखी आतली छोटी वॉल्व्ह पिन गळणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त नजरेतून सुटणारा दोष आहे. बारीक गळतीसाठी यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग (डाय) टाकून आठ-पंधरा दिवस गाडी चालवायची आणि अंधारात यूव्ही टॉर्चने बघायचं, हिरवट पिवळी चमक दिसते. कॉइल डॅशबोर्डच्या आत असल्याने ती दिसत नाही; एसीचं पाणी बाहेर पडणाऱ्या नळीच्या तोंडाशी डाय चमकला तर कॉइल फुटली आहे.

यंत्रणा पूर्ण रिकामी असेल तर नायट्रोजन भरून १५० ते २०० पीएसआयला अर्धा-एक तास ठेवणं ही खात्रीची पद्धत. तिथे टायरची हवा किंवा वेल्डिंगचा ऑक्सिजन चुकूनही वापरू देऊ नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो, आणि हवेतून ओलावा आत जातो.

गळतीचा जोड उघडल्यावर ओ-रिंग हिरव्या, एसीच्याच घ्या. पाण्याच्या पाइपची काळी ओ-रिंग त्याच मापाची मिळते, पण या गॅस-तेलात ती टिकत नाही. बसवताना तिला एसीचं तेल लावा. ड्रायर बदला. कंडेन्सर बदलला तर साधारण २०-३० मिली आणि ड्रायरसाठी १०-१५ मिली तेल वाढवा, कॉम्प्रेसरच्या लेबलवर लिहिलेल्या जातीचंच. ‘लीक स्टॉप’चा डबा टाळा, तो एक्स्पान्शन वॉल्व्ह तुंबवतो.

व्हॅक्यूम किमान अर्धा तास, यंत्रणा उघडी राहिली असेल तर तासभर मारायला सांगा. हवा काढण्यापुरतं ते नसतं. दाब इतका खाली न्यायचा की आतलं पाणी साध्या हवेच्या तापमानालाच उकळून वाफ होऊन निघून जाईल. मुंबईत व्हॅक्यूमचा काटा पाऱ्याच्या २९ इंचांच्या पुढे जातो. पुण्यात तो २८ च्या आसपासच थांबतो, महाबळेश्वरला जेमतेम २५. पंप खराब नाही, उंचीवर हवेचा दाबच कमी असतो. पंप बंद करून पंधरा मिनिटं काटा जागचा हलला नाही, तरच गॅस भरायचा. इथे घाई करणाऱ्याकडून काम करून घेऊ नका.

गॅस वजनावर भरायचा, वजनकाट्यावर डबा ठेवून. बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅम लिहिलेले असतात: छोट्या हॅचबॅकला बहुधा ३५० ते ५००, सेडानला ५०० ते ७००, मागेही एसी असलेल्या मोठ्या गाड्यांना त्याहून जास्त. ४०० ग्रॅमच्या यंत्रणेत १०० ग्रॅम जास्त गेला तर तो चौथा हिस्सा जास्त झाला, आणि कूलिंग घसरतं. इंजिन चालू असताना हाय साइडचा वॉल्व्ह उघडायचा नाही. कॉम्प्रेसरचा दाब उलटा डब्यात शिरून डबा फुटतो. गॅस उणे २६ अंशाला उकळतो, डोळ्यावर चष्मा आणि हातात मोजे हवेत. जुना गॅस हवेत सोडून देऊ नका, मशिनने काढून घ्या. हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता अडवतो.

फार स्वस्त डबा मिळाला तर घेऊ नका. नकली गॅसमध्ये आग लागणारे गॅस किंवा मिथाइल क्लोराइड मिसळलेलं असू शकतं, आणि त्याची ॲल्युमिनियमशी धोकादायक रासायनिक क्रिया होते. घरच्या जुन्या एसीचा आर-२२ गाडीत भरणंही चूक. त्याचं प्रेशर जास्त असतं.

नव्वदच्या दशकातली मारुती ८००, पद्मिनी किंवा काँटेसा असेल तर मूळ यंत्रणा बहुधा आर-१२ ची. तो गॅस ओझोनमुळे बंद झाला. आर-१३४ए वर आणायची तर जुनं खनिज तेल काढून एस्टर तेल, नवा ड्रायर, नव्या ओ-रिंग, नवी सर्व्हिस पोर्टं हे सगळं लागतं, आणि गॅस जुन्या वजनाच्या ८० ते ९० टक्केच भरायचा. तेल न बदलता नुसता गॅस भरलेल्या गाड्यांचे कॉम्प्रेसर टिकत नाहीत, कारण नवा गॅस जुनं तेल परत वाहून आणत नाही.

कॉम्प्रेसर जाम होऊन सुटला आणि नळी उघडल्यावर चंदेरी कण असलेलं काळं तेल निघालं, तर नुसता कॉम्प्रेसर बदलून गाडी ताब्यात घेऊ नका. कंडेन्सर, ड्रायर, एक्स्पान्शन वॉल्व्ह बदलायला हवेत, नळ्या योग्य द्रावणाने धुवायला हव्यात. आजच्या पातळ नळ्यांचा कंडेन्सर धुऊन स्वच्छ होत नाही, आणि त्यातला राहिलेला कचरा नवा कॉम्प्रेसर खातो.

पावसाळ्यातल्या दोन तक्रारी

डाव्या सीटखालचा गालिचा ओला होत असेल तर बहुतेक वेळा एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली असते. गाडीखाली इंजिनाच्या मागच्या भिंतीजवळ ती दिसते. खालून मऊ नळी हळूच घाला किंवा तोंडाने फुंकर मारा, जोराची हवा मारली तर आतला जोड सुटतो. मात्र ते पाणी चिकट, गोडसर वासाचं असेल आणि काचेवर आतून तेलकट धुकं येत असेल, तर ते कूलंट आहे, हीटर गळतोय. उंदरांचंही बघा, ते ब्लोअरमध्ये घरटं करतात आणि ही नळी कुरतडतात.

कुबट वासासाठी वायपरखालच्या जाळीतला पाला काढा. घर यायच्या पाच मिनिटं आधी एसी बंद करून ब्लोअर चालू ठेवा, कॉइल कोरडी होते. आणि थंडीत, पावसात आठवड्यातून एकदा तरी दहा मिनिटं एसी लावा. कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील तेलावर जगतं. चार महिने एसी बंद राहिला की ते सुकतं आणि मार्चमध्ये गॅस तिथूनच निघून गेलेला असतो.